भाड्याच्या मालमत्तेसाठी कर्ज : किती घ्यावं, आणि हप्ता खरंच भाड्यातून निघतो का?

चौकट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. स्वतः राहायला नव्हे, तर भाड्याने द्यायला मालमत्ता घ्यायची आणि बरीचशी रक्कम कर्जाने उभी करायची, हा विषय अधूनमधून तुकड्या-तुकड्यांत निघतो. एका जागी नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

हिशेब सोपा राहावा म्हणून किंमत १०० धरू. चलन कुठलंही घ्या, पुढे हवी तेवढी शून्यं जोडा. नोंदणी, कर, वकील, मूल्यांकन आणि ताबा घेतानाची डागडुजी मिळून ७. कर्ज ७५, व्याज ७ टक्के, मुदत २० वर्षं. वर्षाचं भाडं ८.५.

माझं म्हणणं असं: भाडं साडेआठ टक्के, व्याज सात टक्के. दीड टक्का वर उरतोय. म्हणजे कर्ज जितकं जास्त तितका फायदा जास्त, कारण स्वतःचे फक्त ३२ घालून १०० ची मालमत्ता हाताशी येते. यात चूक असेल तर नेमकी कुठे? आणि कर्जाची रक्कम ठरवायची कशी?

दीपमाळ

अंथरूण पाहून पाय पसरावे.

शेवटचा हप्ता

दीपमाळताई, अंथरूण मोजायचं कसं हेच तर विचारलंय त्यांनी! :)

नोंदवही

चौकट, धागा उत्तम. चुका दोन आहेत आणि दोन्ही नेहमीच्या आहेत.

पहिली चूक: ८.५ हे ढोबळ भाडं आहे. हातात येतं ते निव्वळ. वर्षाकाठी एक महिना जागा रिकामी धरा, ०.७१ गेले. जमा झाले ७.७९. देखभाल आणि भाडेकरू बघणाऱ्याचे ८ टक्के म्हणजे ०.६२. मालमत्ता कर आणि विमा ०.५५. किरकोळ दुरुस्ती ०.४०. मोठ्या कामांसाठी (छत, जलवाहिन्या, लिफ्ट, बाहेरचा रंग) दरवर्षी बाजूला काढायचे ०.२२. उरले ६. तुमचा साडेआठ टक्क्यांचा परतावा इथेच ६ टक्क्यांवर आला, म्हणजे व्याजदराच्याही खाली.

शेवटची ०.२२ ची ओळ लोक हमखास गाळतात, कारण ते पैसे त्या वर्षी खर्च होत नाहीत. सात-आठ वर्षांनी एकदम होतात.

दुसरी चूक: भाड्याची तुलना व्याजदराशी करायची नसते. हप्त्यात मुद्दलही असतं, आणि हप्ता रविवार बघत नाही की रिकामी खोली बघत नाही. तुमचा हप्ता मांडून बघा. मासिक दर ७ भागिले १२, म्हणजे ०.५८३३ टक्के. १.००५८३३ चा २४० वा घात ४.०३९. म्हणून हप्ता = ७५ × ०.००५८३३ × ४.०३९ ÷ ३.०३९ = ०.५८१५. बारा महिन्यांचे ६.९८.

हाती ६, द्यायचे ६.९८. पहिल्याच वर्षी ०.९८ खिशातून.

पाणवठा

नोंदवहींचा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

रेघोट्या

नोंदवहींशी सहमत. त्यातली एक संख्या वेगळी काढून दाखवतो, कारण माझ्या मते सगळा प्रश्न तिच्यातच आहे. ६.९८ ला ७५ ने भागा: ९.३० टक्के. दर १०० कर्जामागे वर्षाला ९.३० चा हप्ता. याला मी हप्ताभार म्हणतो. निव्वळ भाडं हप्ताभारापेक्षा जास्त टक्क्यांनी येत असेल तर कर्ज पहिल्या दिवसापासून खिशात भर घालतं. कमी असेल तर प्रत्येक जादा कर्ज दरमहाची तूट वाढवतं. इथे ६ विरुद्ध ९.३०. म्हणजे "कर्ज जितकं जास्त तितका फायदा" हे वाक्य या मालमत्तेला रोकडीच्या बाबतीत बरोबर उलटं लागू पडतं.

याच आकड्याचा आणखी एक उपयोग आहे. फ्लोटिंग (बाजाराप्रमाणे बदलणारा) दर अगदी सुरुवातीलाच वाढून ९.३० टक्क्यांना पोचला आणि हप्ता तोच ठेवला, तर सगळा हप्ता व्याजातच जातो आणि मुद्दल जागचं हलत नाही. त्याच्यावर गेला तर कर्ज फेडता फेडता वाढत जातं.

चौकट

हे दोन्ही प्रतिसाद डोळ्यांत अंजन घालणारे आहेत. पण रेघोट्याजी, दर ९.३० पर्यंत जायची वेळ क्वचित येत असेल ना? दोनेक टक्के वाढला तर काय होतं?

रेघोट्या

तेही बघू. दर ९ टक्के झाला असं धरा. ७५ वर महिन्याचं व्याज ०.५६२५. हप्ता ०.५८१५. मुद्दलाला उरतात ०.०१९. हप्ता न वाढवता कर्ज फेडायला ४५८ महिने लागतील. वीस वर्षांची मुदत अडतीस वर्षांची होते!

कर्ज देणारे दर वाढला की बहुधा आपोआप मुदत वाढवतात, हप्त्याला हात लावत नाहीत. कर्जदाराला बँकेच्या खात्यात काहीच बदललेलं दिसत नाही, म्हणून तो निर्धास्त असतो. दर बदलल्याचं पत्र आलं की त्यात फक्त उरलेले हप्ते किती हा आकडा आधी वाचायचा. मुदत २० च ठेवायची असेल तर हप्ता ०.६७४८ करावा लागेल, म्हणजे १६ टक्के वाढ.

आणि दोन टक्के ही काही फार मोठी उडी नव्हे. अमेरिकेत ३० वर्षांच्या स्थिर दराच्या गृहकर्जाची सरासरी जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९. तीन वर्षांच्या आत पाच टक्क्यांहून जास्त फरक. आधी दर बांधून घेतलेले सुरक्षित राहिले. ज्यांच्या थोड्या वर्षांच्या कर्जाची मुदत त्या काळात संपत होती, त्यांना नव्या दराने कर्ज काढावं लागलं.

उंबरठा

मला इथे थोडा विरोध नोंदवायचा आहे. तुम्ही सगळे पहिल्या वर्षाचाच फोटो काढताय. भाडं दरवर्षी वाढतं, स्थिर दराचा हप्ता वाढत नाही. कर्जाची खरी ताकद तिथे आहे. निव्वळ भाडं वर्षाला ४ टक्के वाढतंय असं धरा: ६, ६.२४, ६.४९, ६.७५, ७.०२. पाचव्या वर्षी भाड्याने हप्त्याला गाठलं. तोवर खिशातून गेले एकूण २.४४. एवढी कळ सोसायची तयारी असेल तर पुढची पंधरा वर्षं भाडं वर आणि हप्ता खाली. महागाई कर्जदाराच्या बाजूने काम करते, हे विसरू नका.

नोंदवही

उंबरठा, मुद्दा योग्य आहे आणि तो मांडल्याबद्दल धन्यवाद. पण त्याला दोन अटी आहेत. दर पूर्ण मुदतीसाठी बांधलेला हवा. दोन-तीन वर्षांपुरता बांधलेला "स्थिर" दर यात चालत नाही, कारण महागाई वाढली की व्याजदरही वाढतात. म्हणजे भाड्यातली वाढ हप्ता गिळून टाकतो. दुसरी अट अशी की निव्वळ भाडं ४ टक्क्यांनी वाढायचं तर खर्चही ४ टक्क्यांच्या आतच वाढायला हवेत. विमा आणि दुरुस्तीची मजुरी तसं ऐकत नाहीत.

खडूफळा

पाच वर्षांनी विकलं तर काय, हे अजून कोणी मांडलं नाही. मी मांडतो. विक्रीचा खर्च (दलाली, वकील वगैरे) विक्रीच्या किमतीच्या ४ टक्के. पाच वर्षांनी कर्जाची शिल्लक ६४.६९. भाडं तेवढंच राहिलं असं धरलंय.

किंमत वर्षाला ३ टक्के वाढली: ११५.९३ ला विक्री, खर्च आणि कर्ज वजा जाता हाती ४६.६. घातले होते ३२ अधिक पाच वर्षांची तूट ४.९. वार्षिक परतावा साधारण ५.२ टक्के. तीच मालमत्ता कर्जाशिवाय १०७ घालून घेतली असती तर ६.३ टक्के. म्हणजे जोखीम वाढवून परतावा घटला. कारण उघड आहे: मालमत्ताच सगळं मिळून ६.३ कमावतेय आणि पैसे ७ ने उसने आणलेत.

किंमत वर्षाला ६ टक्के वाढली: कर्जासह साधारण १२.४, कर्जाशिवाय ९. इथे कर्ज कामाला आलं.

किंमत पाच वर्षांनी २० टक्के खाली: ८० ला विक्री, खर्च वजा जाता ७६.८, कर्ज फेडून हाती १२.१. घातलेल्या ३६.९ पैकी दोन तृतीयांश गेले. कर्जाशिवाय घेणाऱ्याचे ७६.८ अधिक पाच वर्षांचं भाडं ३०, मिळून १०६.८. त्याने १०७ घातले होते. त्याला जवळजवळ खरचटलंही नाही.

शेवटच्या दोन ओळी पुन्हा एकदा वाचा. मालमत्ता तीच, घसरणही तीच.

उंबरठा

खडूफळा, भाडं गोठवून ठेवलंत म्हणून कर्जाची बाजू पडती दिसतेय. किंमत आणि भाडं दोन्ही ४ टक्क्यांनी वाढवून बघा की.

खडूफळा

बघितलं. कर्जासह ८.९, कर्जाशिवाय ७.६. तुमची बाजू जिंकते, पण सव्वा टक्क्याने. त्या सव्वा टक्क्यासाठी वरची २० टक्के घसरणीची ओळ पत्करायची का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी ७५ वर पत्करणार नाही, ५० वर विचार करेन.

वाटसरू

एक प्राथमिक प्रश्न. पाच वर्षं हप्ते भरूनही शिल्लक ६४.६९ कशी? चौथा हिस्सा मुदत संपली, तर ७५ चे ५६ व्हायला हवेत ना?

शेवटचा हप्ता

वाटसरू, प्रश्न प्राथमिक नाही, बऱ्याच जणांचा इथेच पाय घसरतो. पहिल्या हप्त्यात ०.५८१५ पैकी ०.४३७५ व्याज आणि फक्त ०.१४४ मुद्दल. मुद्दल जसं घटतं तसं व्याज घटतं आणि मुद्दलाचा वाटा वाढत जातो. पहिल्या वर्षी ६.९८ भरले, मुद्दल फिटलं १.७८. दहा वर्षांनी, म्हणजे निम्मी मुदत संपल्यावर, शिल्लक ५०.०८. निम्मं मुद्दल फिटायला १५९ हप्ते लागतात, तेरा वर्षं तीन महिने. पूर्ण वीस वर्षांत व्याज जातं ६४.५.

म्हणून सुरुवातीला जादा भरलेले पैसे सर्वांत जास्त काम करतात. पहिल्या वर्षाअखेर एकदाच ५ जादा भरा आणि हप्ता तोच ठेवा. शेवटचे सुमारे ३० हप्ते उडतात, व्याजाचे बारा वाचतात. पण जादा भरताना कर्ज देणाऱ्याला लेखी सांगा की मुदत कमी करायची आहे, हप्ता नको. न सांगता भरले तर काही ठिकाणी हप्ता कमी करतात, काही ठिकाणी ती रक्कम पुढच्या हप्त्यांची आगाऊ जमा म्हणून नुसती पडून राहते आणि व्याज चालूच. पुढच्या महिन्याचा खातेउतारा काढून मुद्दल खरोखर घटलंय का ते तपासा.

मुद्दलापेक्षा व्याज प्यारं ही म्हण आजी-आजोबांनी वापरावी. कर्जदाराने मुद्दलावरच जीव लावावा.

गवंडी

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथे हिशेब आणखी नाजूक असतो. कर्ज टप्प्याटप्प्याने मिळतं: पाया, मग मजल्यागणिक स्लॅब, भिंती, गिलावा, शेवटी ताबा. बहुतेक ठिकाणी आधी तुमचा स्वतःचा हिस्सा पूर्ण भरून घेतात, मग कर्जाचे टप्पे सुटतात. जितकं सुटलं तितक्यावर फक्त व्याज भरायचं, त्यालाच प्री-ईएमआय म्हणतात. त्यातून मुद्दल एक पैचंही फिटत नाही.

सगळे ७५ सुटले आणि ताबा एक वर्ष लांबला तर नुसतं व्याज ५.२५, भाडं शून्य. घातलेल्या ३२ च्या सोळा टक्के एका वर्षात हवेत. पैसे सुटण्यापूर्वी अभियंत्याचा टप्पा पूर्ण झाल्याचा दाखला मागा आणि स्वतः जाऊन बघा. स्लॅब पडलाय (ओतून झालाय) म्हणजे खालचे टेकू निघालेत असं नाही. चौदाव्या मजल्याचा स्लॅब पडलाय पण चौथ्या मजल्यावर अजून विटा चढल्या नाहीत, असं दिसलं तर काम पैशाच्या टप्प्यांमागे धावतंय असं समजा. स्लॅबला हप्ता सुटतो, म्हणून सांगाडा भराभर वर जातो. भिंती, नळ आणि वायरिंग मागे राहतं, आणि वेळ नेमका तिथेच जातो.

कुलूपकिल्ली

गवंडीदादा, चौथ्या मजल्याची खूण फार मोलाची.

मी कागदांच्या बाजूने लिहिते. मंजुरीपत्र आलं की लोक व्याजदर वाचून सही करतात. त्याआधी या गोष्टी शोधा.

मूल्यांकन. ७५ टक्के कर्ज हे खरेदी किंमत आणि बँकेच्या मूल्यांकनातली रक्कम यांपैकी जी कमी, तिच्यावर मोजतात. सौदा १०० चा आणि मूल्यांकन ९३ आलं तर कर्ज ६९.७५. वरचे ५.२५ ऐनवेळी स्वतः उभे करायचे. म्हणून इसाराच्या करारात "कर्ज अपेक्षेइतकं मंजूर न झाल्यास इसार परत" ही ओळ असलीच पाहिजे. विकणारा ती नको म्हणत असेल तर इसार तरी लहान ठेवा.

सर्व देण्यांची हमी. पुष्कळ तारणखतांत असं कलम असतं की हे तारण याच कर्जासाठी नसून त्या संस्थेच्या सर्व देण्यांसाठी राहील. मग घराचं कर्ज फिटलं तरी तिथेच घेतलेलं दुसरं कर्ज बाकी असेल, तर मूळ दस्त सुटत नाहीत. दोन मालमत्ता एकाच संस्थेकडे एकत्र तारण असतील तर एक विकायलाही परवानगी लागते, आणि ती देताना संस्था विक्रीतले बरेचसे पैसे दुसऱ्या कर्जात वळते करून घेऊ शकते. शक्य तर प्रत्येक मालमत्तेचं कर्ज स्वतंत्र ठेवा.

सह-कर्जदार. दोघांनी मिळून सही केली म्हणजे निम्मी-निम्मी जबाबदारी होत नाही. प्रत्येकजण पूर्ण रकमेला बांधलेला असतो. भागीदाराने भरणं थांबवलं तर संस्था पूर्ण हप्ता तुमच्याकडे मागेल.

वाटसरू

कुलूपकिल्लीताई, प्रोसेसिंग फीचं काय? दर पाव टक्का कमी आणि फी एक टक्का, असे प्रस्ताव बरेच दिसतात.

कुलूपकिल्ली

कर्ज किती काळ ठेवणार यावर ठरतं. ७५ वर १ टक्का फी ०.७५, म्हणजे हातात ७४.२५ आणि हप्ता मात्र ७५ चा. पाच वर्षांत विकून मोकळे होणार असाल तर या फीने खरा दर सुमारे पाव टक्का वाढतो, म्हणजे दरातली सवलत तिथेच फिटली. पूर्ण वीस वर्षं ठेवलं तर वाढ त्याच्या साधारण निम्मी.

याहून मोठा सापळा सपाट दराचा. "फक्त ७ टक्के" म्हणतात, पण ते पूर्ण मुद्दलावर पूर्ण मुदतभर मोजलेले असतात. दहा वर्षांच्या कर्जाला ७ टक्के सपाट म्हणजे घटत्या शिलकीवर सुमारे ११.७ टक्के. दर विचारताना पुढचा प्रश्न लगेच विचारायचा: घटत्या शिलकीवर का? आणि जमा झालेलं मुद्दल त्याच दिवसापासून व्याजातून वगळता, की महिनाअखेर, की वर्षाअखेर?

पाणवठा

नुसतं व्याज भरायची पाच वर्षांची सवलत मिळते, ती घ्यावी का? वर्षाला ५.२५ च भरायचे, भाडं ६. म्हणजे चौकट यांची तूट मिटतेच की.

रेघोट्या

पाच वर्षं मिटते. सहाव्या वर्षी ७५ तसेच उभे आणि मुदत उरली पंधरा. हप्ता ०.४३७५ वरून ०.६७४१ वर, एकदम ५४ टक्के वाढ. जुनी इमारत घेऊन दोन वर्षांत दुरुस्त करायची आणि मग भाडं वाढवायचं, अशा कामाला ही सवलत योग्य आहे, कारण तिथे भाडं वाढण्याचं ठोस कारण असतं. साधी भाड्याची जागा त्यामुळे परवडायला लागते असं समजू नये. तूट फक्त पुढे ढकललेली असते.

खडूफळा

अवांतर, पण जोडून आहे. हप्त्याने पूर्ण फिटणारं कर्ज ही रीत आज इतकी अंगवळणी पडलीय की ती कशी रुळली हे विसरायला होतं. अमेरिकेत १९२० च्या दशकात घरावरची बरीच कर्जं थोड्या वर्षांच्या मुदतीची असायची. दरम्यान बहुतेक व्याजच भरायचं, शेवटी मुद्दल एकरकमी, आणि ते भरायला पुन्हा नवं कर्ज. महामंदीत नवं कर्ज मिळेना आणि लोकांची घरं गेली. मग १९३३ मध्ये सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढून बुडती कर्जं १५ वर्षांच्या हप्त्यांत बदलून दिली. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन आलं आणि दीर्घ मुदतीच्या समान हप्त्यांना सरकारी विम्याचा आधार मिळाला.

व्यापारी मालमत्तेत मात्र शेवटच्या मोठ्या रकमेची कर्जं आजही सर्रास आहेत. हप्ता वीस वर्षांच्या हिशेबाने, पण पाचव्या वर्षी उरलेले ६४.६९ एकदम द्यायचे. तेव्हा मालमत्तेची किंमत ८० वर आली असेल आणि नवी संस्था ७५ टक्केच देत असेल तर मिळतील ६०. एकही हप्ता न चुकवता ४.६९ रोख उभे करायची वेळ येते.

दीपमाळ

अवांतरात माझीही भर. परक्या चलनातलं स्वस्त कर्ज घेऊ नये, उत्पन्न त्याच चलनात असल्याशिवाय. पोलंडमध्ये खूप लोकांनी स्विस फ्रँकमध्ये गृहकर्जं घेतली, कारण व्याज कमी. पगार झ्लोटीत. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची मर्यादा सोडली आणि फ्रँक त्याच दिवशी उसळला. झ्लोटीत मोजलेलं मुद्दल रातोरात वाढलं.

उलट डेन्मार्कची पद्धत बघण्यासारखी आहे. तिथे कर्जामागे बाजारात विकले जाणारे रोखे असतात, आणि कर्जदाराला ते बाजारभावाने विकत घेऊन कर्ज मिटवता येतं. व्याजदर वाढले की रोख्यांचा भाव पडतो, म्हणजे कर्ज कमी पैशांत मिटू शकतं.

चौकट

दीपमाळताई, सुरुवातीची एक ओळ आणि आता हे! दोन्ही पोचलं.

मंडळी, अवांतर वाचनीय आहे, पण मूळ प्रश्न अजून बाकी आहे. ७५ चूक हे पटलं. मग किती?

नोंदवही

उलट्या बाजूने मोजायचं. कर्ज किती मिळतंय यापासून सुरुवात करू नका, भाडं किती हप्ता पेलतं तिथून करा. मालमत्तेच्या उत्पन्नावर कर्ज देणारे निव्वळ भाडं भागिले वर्षाचा हप्ता असं गुणोत्तर बघतात, त्याला डीएससीआर म्हणतात. १.२५ ही पुष्कळ ठिकाणची अपेक्षा. तुमच्या ७५ ला ते ०.८६ आहे.

निव्वळ ६ भागिले १.२५ म्हणजे ४.८. इतका हप्ता पेलेल. ४.८ भागिले हप्ताभार ०.०९३०, म्हणजे कर्ज ५१.६.

आता हा आकडा वाकवून बघा. दर ९ टक्के झाला आणि मुदत तीच ठेवली तर वर्षाचा हप्ता ५.५७, भाडं ६, अजून तग आहे. रिकाम्या महिन्यांचं बघा: खर्च १.७९ आणि हप्ता ४.८ मिळून ६.५९, ढोबळ भाडं ८.५. वर्षातले ९.३ महिने भाडं आलं तरी बरोबरी होते. ७५ च्या कर्जाला हाच हिशेब १२.४ महिने येतो. वर्षात तेवढे महिनेच नाहीत.

स्वतःचे मात्र ४८.४ अधिक ७, म्हणजे ५५.४ लागतील. शिवाय सहा महिन्यांचे हप्ते, २.४, वेगळ्या खात्यात हवेत. खरेदीच्या दिवशी खिसा रिकामा होत असेल तर ती मालमत्ता अजून तुमच्या आवाक्यात नाही.

उंबरठा

यावर माझा आक्षेप नाही. फक्त एवढंच म्हणेन की पूर्ण मुदतीचा स्थिर दर मिळत असेल आणि नोकरीचं उत्पन्न भक्कम असेल तर ६० पर्यंत जायला हरकत नाही. वर्षाचा हप्ता ५.५८, भाड्यातून निघतो. रिकाम्या महिन्यांची तजवीज पगारातून.

नोंदवही

मान्य. पण मग गंगाजळी सहाऐवजी नऊ महिन्यांची ठेवा.

वाटसरू

स्वतःचे ५५ नसतील तर? राहत्या घरावर टॉप-अप कर्ज काढून भर घालतात काहीजण.

शेवटचा हप्ता

मग ५१.६ चं कर्ज ५१.६ चं राहत नाही. टॉप-अप २० चं असेल तर एकूण ७१.६ आणि त्याचाही हप्ता त्याच भाड्यातून काढायचा. वरचा सगळा हिशेब ७१.६ धरून करा, उत्तर लगेच दिसेल. वर राहतं घर तारणात अडकतं. भाड्याची जागा बुडाली तर ती जाईल, राहतं घर त्यात ओढलं जाता कामा नये. त्यापेक्षा ६० ची लहान मालमत्ता शोधा.

चौकट

सर्वांचे मनापासून आभार. ५१.६ चा तक्ता मांडून बघितला: पहिल्या वर्षी हाती १.२ उरतात, पाच वर्षांनी शिल्लक ४४.५. किंमत २० टक्के पडली तरी भाड्यातली शिल्लक धरून ५५.४ पैकी ३८ परत येतात. झोप लागेल असा आकडा आहे.

एक शेवटचं. कर्जाशिवाय ५.६ टक्के आणि या कर्जासह १.२ भागिले ५५.४, म्हणजे २.२ टक्के रोकड. मग ५१.६ तरी का घ्यायचं?

खडूफळा

निव्वळ ६ आणि व्याज ७ असताना घेण्याचं कारण एकच: तुम्हाला ठामपणे वाटतंय की भाडं आणि किंमत वाढेल, आणि पूर्ण १०७ तुमच्याकडे नाहीत. ते ठामपण कशावर आधारलंय ते कागदावर लिहा. लिहिता आलं नाही तर किमतीची घासाघीस करा. हीच जागा ८५ ला मिळाली तर निव्वळ ७.१ टक्के होतो, व्याजाच्या वर. पूर्ण १०० मोजून दर घटण्याची वाट बघण्यापेक्षा हे बरं, कारण घासाघीस तुमच्या हातात असते.

कुलूपकिल्ली

आणि कर्ज फिटेल त्या दिवसासाठी: फक्त "थकबाकी नाही" चं पत्र घेऊन घरी येऊ नका. मूळ दस्त यादीप्रमाणे मोजून घ्या, नोंदणी कार्यालयातला बोजा उतरवून त्याचा नवा उतारा काढा, आणि विमा पॉलिसीवरचं संस्थेचं नाव काढून घ्या. दस्त ताब्यात देताना त्यांची पानांसह यादी करून त्यावर संस्थेचा शिक्का घेतलेला असेल तर हे काम सोपं जातं. ती यादी पहिल्या दिवशीच करायची असते.